खुर्चीच्या दोन हातांवरची फळी

मी एक फळी आहे. केस कापायच्या दुकानात मोठी फिरती खुर्ची असते ना, तिच्या दोन हातांवर आडवी टाकतात ती. लहान मूल नुसतं खुर्चीत बसवलं तर आत बुडून जातं, न्हाव्याला फक्त शेंडा दिसतो. म्हणून मला टाकायचं आणि वर मुलाला बसवायचं, की डोकं बरोबर त्याच्या हातापाशी येतं. माझं काम एवढंच. मोठ्या माणसांनी माझ्यावर बसू नये. मला ते पेलायचं नाही.

मूळची मी एका पलंगाची. पलंग मोडला तेव्हा दुकानाच्या जुन्या मालकाने मला बाजूला काढलं, दोन्ही टोकं करवतीने कापली, वर कापसाचा थर दिला आणि लाल रेक्झिन ताणून खालून खिळे मारले. एक खिळा वाकडा गेला. तो म्हणाला, "असू दे, खालून कोण बघतंय." आता तो मालक नाही. त्याचा मुलगा दुकान चालवतो. खिळा मात्र अजून वाकडाच आहे.

मला मुलांचे चेहरे दिसत नाहीत, कारण मी त्यांच्या खाली असते. पण मला त्यांची बोटं कळतात. गळ्याभोवती कापड बांधलं की मुलाचे हात त्याच्या आत जातात आणि माझी कड धरतात. वर मूल अगदी शहाण्यासारखं बसलेलं असतं, आई म्हणते, "बघा, किती गुणाचं बाळ माझं!" आणि खाली त्या गुणाच्या बाळाची नखं माझ्या रेक्झिनमध्ये रुतलेली असतात. कापडाखाली काय चाललंय ते मला एकटीलाच माहीत असतं.

त्यामुळे मला लहानपणापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, एक खोड लागली. मूल बसलं की मी विचार करत राहते. याने एवढं घट्ट का धरलंय? मशिनच्या आवाजाला भ्यायलं असेल का? मानेवर पडलेले केस टोचत असतील का? की घरून निघताना बाप काही बोलला असेल? उत्तर कधी मिळत नाही. केस कापून होतात, कापड झटकलं जातं, मूल उडी मारून निघून जातं.

मोठ्या माणसांच्या गप्पाही मी पुष्कळ ऐकल्यात. आमच्याकडे एक वायरमन येतो. बाकावर बसला की त्याचं एक ठरलेलं बोलणं असतं. "आमच्या वेळी नव्हती बाबा ही नाटकं. बापाने एकदा हात उचलला की आठवडाभर घर शांत. मार खाल्ला म्हणून सरळ झालो." सगळे माना डोलावतात. मी काही बोलू शकत नाही. पण माझ्या उजव्या टोकाला रेक्झिनला एक भोक आहे, बोट जाईल एवढं. ते याच माणसाचं. लहानपणी त्याला थोबाडीत देऊन माझ्यावर बसवायचे आणि तो प्रत्येक वेळी ते भोक थोडं थोडं मोठं करून जायचा. सरळ कधी झाला ते मला माहीत नाही. माझ्यावर बसायचा तोवर तरी झाला नव्हता.

पुढे दुकानात पायाने दाबून वर चढणारी खुर्ची आली. मुलं थेट तिच्यावरच बसायला लागली आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, संपलं आपलं. पण तसं झालं नाही. मालकाला माझा दुसरा उपयोग सापडला होता.

मालकाला एक मुलगी आहे. सात वर्षांची. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी टिकत नाही. तिची आई एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते, दुपारची पाळी. म्हणून शाळा सुटली की भिंगरी दुकानात. घरी बघायला कोणी नाही.

पहिला तासभर बरा जायचा. बाकावर बसून ती वहीत काहीबाही रंगवायची. मग गर्दी वाढली की कुठेतरी बिनसायचं. ती कंगव्यांचा ट्रे उलथा करायची. पाण्याचा फवारा गिऱ्हाइकाच्या बुटांत मारायची. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा तिने झाडलेल्या केसांच्या ढिगात लपवला, आणि ते बिचारे चाचपडत म्हणत होते, "अरे, माझे डोळे कुठे गेले?" एकदा तर एका माणसाच्या मनगटाला चावली.

मालक हाताचा हलका आहे, वस्तरा असा फिरवतो की गिऱ्हाईक झोपून जातं. पण लेकीच्या बाबतीत तो हात जड व्हायचा. आधी एक चापट. मग मला जुन्या खुर्चीच्या दोन हातांवर टाकायचं आणि भिंगरीला दंडाला धरून माझ्यावर बसवायचं, समोर आरसा.

"बघ! बघ स्वतःकडे! कशी दिसतेस? माफी मागेपर्यंत हलायचं नाही."

हे बोलताना तो तिच्याकडे बघायचा नाही. न्हाव्यांची एक सवय असते, तुम्ही कधी लक्ष दिलंत का? ते माणसाच्या मागे उभे राहतात आणि आरशातल्या माणसाशी बोलतात. गिऱ्हाईकही आरशातल्या न्हाव्याला उत्तर देतं. सगळा दिवस असाच जातो. मालक भिंगरीलाही तसाच रागवायचा. हात दुसऱ्याच्या डोक्यावर, डोळे आरशात, आणि शब्द आरशातल्या भिंगरीला.

बाकावरची मंडळी मजा बघायची. कोणी म्हणे, "अगं, नाक फुगलंय बघ तुझं!" भिंगरी आरशात जीभ दाखवायची. मंडळी हसायची. मालक आणखी चिडायचा.

आता मला कोड्यात टाकणारी गोष्ट सांगते. शिक्षा झालेल्या मुलांची बोटं मला चांगली माहीत आहेत. ती खिळ्यासारखी आवळलेली असतात. पण भिंगरी माझ्यावर बसली की थोड्याच वेळात तिची बोटं सैल पडायची. पसरून, निवांत. जणू उन्हात पाय सोडून बसलीय. गालावर चापटीचा वळ, आजूबाजूला हसणारी माणसं, आणि बोटं अशी! मी किती दिवस विचार करत राहिले. हिला लागत नाही का? लाज वाटत नाही का? माफी मागायला ती मुद्दाम उशीर करायची, हेही माझ्या लक्षात आलं. असं कोण करतं?

आणि मग आरसा फुटला.

त्या दिवशी दुकान गच्च भरलं होतं. काय झालं ते मी भिंतीपाशी असल्यामुळे अर्धंच पाहिलं. पावडरचा पत्र्याचा डबा हवेतून गेला आणि मोठ्या आरशाला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. खुर्चीतल्या माणसाचे आरशात दोन तुकडे दिसायला लागले. चालू असलेली कात्री थांबली.

त्या दिवशी मालकाने तिला मारलंसुद्धा नाही. तिला बाकाखाली बसायला सांगितलं, बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला आणि आत येऊन म्हणाला, "सुट्टी लागली की तू आत्याकडे राहायचं. शाळाही तिकडेच."

आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण. लांब राहते. तिच्या घरी चपला एका रेषेत असतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना भिंगरीची आई आली होती. कामाला जायची घाई, हातात डबा. ती म्हणाली, "माझी पोर मी कुणाला देणार नाही."

"मग तू राहा घरी."

"मी राहू? मग घर कसं चालायचं?"

"तेच सांगतोय. इथे गिऱ्हाइकं तुटताहेत. मी मारून बघितलं, कोंडून बघितलं, सगळ्यांसमोर बसवून बघितलं. आणखी काय करू? तूच सांग."

ती डब्याचं झाकण उघडत आणि लावत उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "तिला पाठवलंस ना, तर ती परत येईल ती पाहुणी होऊन येईल." आणि गेली.

काचवाला आला. एवढा मोठा आरसा लगेच मिळत नाही म्हणाला, जुना उतरवून घेऊन गेला. राहिली नुसती भिंत. ओल धरलेली, पोपडे आलेली, चार मोठे स्क्रू बाहेर आलेले.

आरशाशिवाय न्हाव्याचं दुकान काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. गिऱ्हाइकं पोपड्यांकडे बघत बसायची. मालकाला बोलायला कोणी सापडेना. तो सवयीने मान वर करून म्हणायचा, "कल्ले किती ठेवू?" आणि समोर भिंत. मग पुढे येऊन माणसाच्या तोंडाकडे बघून विचारायचा आणि दोघंही उगाच ओशाळायचे. वायरमन म्हणाला, "तुझं थोबाड मी आज पहिल्यांदा समोरून बघतोय रे. बरा दिसतोस की!"

अशाच एका संध्याकाळी भिंगरीने कंगव्यांचा ट्रे खाली फेकला. मालकाने सवयीने मला उचललं, जुन्या खुर्चीवर टाकलं आणि तिला माझ्यावर आदळलं. मागे उभा राहून ओरडला, "बघ! बघ स्वतःकडे!"

समोर पोपडे.

बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. भिंगरीही हसली. "बाबा, कुठे बघू?"

मालकाचा हात वर गेला. मला त्याचा वारा लागला. वायरमन म्हणाला, "दे, दे. दोन ठेवून दे. त्याशिवाय कळायचं नाही."

पण गालावर मारायचं तर मागून मारता येईना, खुर्चीची पाठ आड येत होती. मालक तणतणत पुढे आला. आणि पुढे आला तसा थांबला. मी जेवढ्या उंचीवर असते ना, तिथे मुलाचे डोळे बरोबर उभ्या न्हाव्याच्या डोळ्यांसमोर येतात. त्यासाठीच तर मला बनवलं होतं. इतके दिवस तो मागे होता. आज पहिल्यांदा समोर होता.

त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही. हात खाली आला एवढं खरं.

"काय होतं गं तुला?" त्याने विचारलं. रागाने नाही, थकून.

भिंगरी पाय हलवत राहिली.

"गप्प का? मी मारत नाही. सांग."

वायरमन म्हणाला, "अरे, माझा नंबर आहे."

"थांबा जरा," मालक मागे न बघता म्हणाला. त्याने गिऱ्हाइकाला थांबवलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याने खुर्चीच्या हातावरचे केस झटकले. मग तो म्हणाला, "बरं, नको सांगू. उतर."

"नको."

"नको? शिक्षा संपली. उतर, जा."

"नको ना. इथेच बसते."

"का?"

माझ्या कडेवर तिची बोटं पसरलेली होती, नेहमीसारखी. ती म्हणाली, "इथून कोणी उठवत नाही."

मालकाला आधी समजलं नाही. मला समजलं, आणि इतक्या दिवसांचं कोडं एका झटक्यात सुटलं. ती दुकानात आली की बाकावर बसायची. गिऱ्हाईक आलं की "उठ गं, काकांना बसू दे." मग स्टुलावर. "उठ गं, स्टूल लागतंय." मग उंबऱ्यावर. "उठ, वाटेत बसू नको." मग मोकळ्या खुर्चीत. "उठ, खुर्ची खेळायला नाही." दुकानात टॉवेलला खुंटी होती, वस्तऱ्याला डबी होती, झाडूला कोपरा होता. भिंगरीला जागा नव्हती. फक्त माझ्यावर बसवलं की तिथून हलायची बंदी! चापटीसाठी गाल पुढे करून ती माझ्यावर येत होती.

"आज किती वेळा उठवलं तुला?" मालकाने हळूच विचारलं.

"मला नाही माहीत. वहीतला हत्ती अर्धाच राहतो रोज."

वायरमन बाकावर बसला होता, भिंगरीच्याच जागेवर. तो जरा सरकला. मग उगाच म्हणाला, "मी काय, मी उभाही राहीन." आणि खरंच उभा राहिला.

त्या दिवशी मालकाने कंगवे उचलले नाहीत आणि तिला उचल असं दरडावलंही नाही. म्हणाला, "तू टाकलेस, मला कामाला लागणार आहेत. आत्ता उचलतेस की हत्ती झाल्यावर?" ती म्हणाली, "हत्ती झाल्यावर." वायरमनचे केस कापून होईपर्यंत हत्ती झाला आणि ती खाली बसून कंगवे गोळा करायला लागली. मोठे एकीकडे, बारीक दात्यांचे एकीकडे. कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकाने भिंगरीला विचारलं, "तुला कुठे बसायचंय?" तिने टॉवेलच्या दोरीखालचा कोपरा दाखवला, पाण्याच्या पिंपाशेजारी. त्याने भिंतीत दोन लोखंडी कोन ठोकले आणि मला त्यांच्यावर स्क्रूने बसवलं. वाकडा खिळा त्याला दिसला. सरळ करायला गेला, पण भिंगरी म्हणाली, "राहू दे, माझी वही अडकवायला होईल."

आरशाच्या चौकटीचं कामही दोघांनी केलं. "तू फोडलास, आपण बसवू," तो म्हणाला. ओल्या फडक्याने ती चौकट पुसत होती आणि मध्येच विचारत होती, "नवा पण फुटेल का?" तो म्हणाला, "फुटू शकतो. काच आहे."

सगळं एकदम गोड झालं असं समजू नका. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी तिने पिंपात साबण टाकला. मालक ओरडलाच. पण ओरडून झाल्यावर त्याने विचारलं, आणि कळलं की शाळेत कोणीतरी तिला "न्हाव्याची" म्हणून चिडवलं होतं. मग गर्दीच्या आधी तो सांगायला लागला, "आता जरा गडबड होईल हं. टॉवेल पिळतेस का कंगवे धुतेस?" ती बहुतेक वेळा टॉवेल मागायची. ते असे पिळायची की टॉवेलची मला दया यायची. पण पिळून झाल्यावर माझ्यावर येऊन बसली की बोटं सैल.

या सगळ्यात आत्या यायचा दिवस ठरलेलाच होता. मालकाने तिला नको म्हणून कळवलं नव्हतं. त्याचाच स्वतःवर भरवसा नव्हता, असं मला वाटतं. तिकडे घरी भिंगरीच्या कपड्यांची पिशवी भरली जात होती, आणि ते भिंगरीलाही माहीत होतं.

आत्या आली ती थेट दुकानात. नवा आरसा बसलेला होता. बाक भरलेला. तिचे पाय दुखत होते बहुतेक. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यात आली आणि म्हणाली, "उठ गं भिंगरे, मला टेकू दे जरा."

माझ्या कडेवरची बोटं आवळली गेली. नखं रुतली. भिंगरीच्या मांडीवर पिळलेला ओला टॉवेल होता. तो सपकन आत्याच्या साडीवर बसला.

"बघ! बघितलंस?" आत्या ओरडली. "हेच! हेच मोडायला हवं. माझ्याकडे येऊ दे, महिनाभरात कशी सुतासारखी करते बघ."

मालकाने हातातला वस्तरा मिटला. आरशातून काहीच बोलला नाही. गिऱ्हाइकाला सोडून कोपऱ्यात आला आणि आधी भिंगरीसमोर वाकला. "टॉवेल फेकायचा नव्हता."

"मला उठवलं."

"हो. ते मी ऐकलं." मग तो बहिणीकडे वळला. "ताई, ती जागा तिची आहे. तू माझ्या खुर्चीत बस."

"वा! आता मोठ्या माणसाने टेकायला पोरीची परवानगी काढायची?"

"विचारायचं. तुलाही कोणी विचारलं तर आवडेलच की."

"आपल्याला बाबांनी कधी विचारलं होतं?"

"नाही."

"मग बिघडलो आपण?"

मालकाने मिटलेला वस्तरा खिशात टाकला. "बिघडलो नाही. पण मला माझ्या पोरीला 'काय झालं' एवढं विचारायला सात वर्षं लागली." मग एका दमात म्हणाला, "ती कुठे जाणार नाही, ताई. तू राहा चार दिवस. ती इथेच राहील."

आत्या वळली. खुर्चीत जाऊन बसली आणि साडीवरचं पाणी झटकत राहिली. भिंगरी हळूच खाली उतरली, कोरडा टॉवेल घेतला आणि लांबूनच तिच्या मांडीवर टाकला. सॉरी वगैरे काही नाही. आत्याने तो घेतला. पुसता पुसता म्हणाली, "पिळतेस मात्र छान गं. माझ्याच्याने एवढं पिळवत नाही." भिंगरी परत माझ्यावर आली. बोटं अजून घट्ट होती. मग एकेक करून सुटली.

आत्या चार दिवस राहिली आणि गेली. पिशवीतले कपडे कपाटात परत गेले.

आता मी भिंतीलाच असते. रेक्झिनवर रंगीत खडूंचे डाग आहेत, एका जागी चिकट काहीतरी सांडलंय, वाकड्या खिळ्याला वही लटकते. भिंगरीचे पाय हल्ली जमिनीला लागायला आलेत. आणखी थोड्या दिवसांनी ती मला जड होईल, तेव्हा काय होईल याचंही मला कुतूहल आहे.

पण त्याहून मोठं कुतूहल मला बाकीच्यांचं वाटतं. या दुकानात माझ्यावर बसून गेलेली ती सगळी मुलं, लाथा झाडणारी, चावणारी, भोकं पाडणारी. एकीचं मला समजलं. बाकीच्यांची बोटं एवढी घट्ट का होती? मला तोंड नव्हतं, मी विचारू शकले नाही. तुमच्या घरातही एखादं असेल. मी लाकूड, तरी मला राहवत नाही. तुम्ही तर माणसं आहात. हात उचलण्याआधी एकदा पुढे या, डोळ्यांसमोर या आणि विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते कधी या बाजूला आलात तर मला सांगा. मी कोपऱ्यातच आहे, पिंपाशेजारी. फक्त माझ्यावर बसायचं असेल तर आधी तिला विचारा.